थकलेल्या डिस्कवरचा आवाज

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिलं असेल. संगणकाच्या पेटीत, एका कोपऱ्यात, स्क्रूंनी आवळून बसवलेली एक चपटी लोखंडी डबी असते. हातात घेतली तर आकाराच्या मानाने जड लागते. ती मी, एक म्हातारी हार्ड डिस्क. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत आणि त्यांच्यावरून केसाहूनही कमी अंतर राखून सरकणारी एक बारीक सुई आहे. संगणक चालू आहे तोवर त्या चकत्यांना थांबण्याची मुभा नसते. तुम्ही गाणं ऐका, चित्र काढा, नाहीतर संगणक तसाच चालू ठेवून जेवायला उठा, मी आपली फिरत असते. आता मात्र मी थांबले आहे. थांबल्याचं दुःख थोडं आहे, पण हायसं त्याहून जास्त वाटतं. तरी थांबण्याआधी जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला स्वस्थ पडवत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असतात. धुळीचा एक कण माझ्या पोटात गेला तरी मी निकामी होते, म्हणून एवढी काळजी. अशा ठिकाणी जन्मून मी आले कुठे, तर कर्जतच्या बाजारात, पदूदादाच्या दुकानात. दुकान लहान, समोर रस्ता, आणि दिवसभर रिक्षांचा धूर. पदूदादा संगणक जुळवून द्यायचा. त्याने मला एका काळ्या पेटीत बसवलं आणि माझ्यावर ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणक चालू झाल्यावर सगळ्यांत आधी जागी होणारी आणि मग पडदा, कळफलक, आवाज या सगळ्यांना कामाला लावणारी यंत्रणा. ती नसेल तर संगणक म्हणजे नुसता पत्रा. ती माझ्या अंगावर चढली आणि मी कामाची झाले.

मला घरी नेलं श्रीपतरावांनी. रिक्षात पेटी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून, पूल ओलांडून ते दहिवलीला आले. रसायनीच्या एका कारखान्यात ते फिटर होते. संगणक घेतला तो मुलीसाठी. तिचं नाव दीप्ती. ती औषधशास्त्र शिकत होती. श्रीपतरावांच्या पत्नी जानकीबाई यांनी पहिल्या दिवशी माझ्या पेटीवर झाकायला जुन्या साडीचं फडकं शिवलं आणि आल्यागेल्याला आमच्या घरात कॉम्प्युटर आलाय म्हणून सांगितलं. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. शेजारच्या बायका दारातूनच वाकून बघायच्या. माझ्यामुळे दीप्तीचा अभ्यास झाला, तिचे प्रकल्प झाले, तिला खालापूरला औषधाच्या दुकानात नोकरी लागली. त्यात माझाही वाटा आहे असं मी मानते.

पण माझं खरं काम वेगळंच निघालं.

श्रीपतराव फिटर होते हे कारखान्याबाहेर फार जणांना ठाऊक नव्हतं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत लोक त्यांना ओळखत ते आवाजामुळे. आपल्याकडे कबड्डीचं वेड किती, ते तुम्हाला सांगायला नको. शेतातली कामं आटोपली की गावोगाव सामने भरतात. माती चाळून मैदान करतात, दिवे लावतात, आणि एका टेबलामागे माइक घेऊन बसतो तो समालोचक. श्रीपतराव हे काम हौसेने करायचे. ते कधी किंचाळत नसत. चढाई करणारा आत शिरला की त्यांचा आवाज उलट खाली यायचा, जणू खेळाडूच्या कानातच बोलतायत. मग सगळं मैदान गप्प व्हायचं. खेळाडू परत आला की आवाज वर उठायचा आणि त्यासोबत माणसंही उठायची. मंडळांची पोरं सामन्यांचं रेकॉर्डिंग करून आणून देत. दीप्ती ते माझ्यावर साठवायची. असे सामने माझ्या पोटात साठत गेले. रविवारी दुपारी श्रीपतराव एखादा लावून ऐकत बसायचे आणि स्वतःच्याच चुका काढायचे.

एका वर्षी हंगाम संपला, पण त्यांचा घसा मोकळा होईना. सगळ्यांना वाटलं, ओरडून बसला असेल. काढे झाले, गोळ्या झाल्या, आवाज घोगराच राहिला. शेवटी मुंबईच्या इस्पितळात तपासलं तेव्हा कळलं की स्वरयंत्रात कर्करोग आहे आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागेल. माणूस वाचेल, बोलणं जाईल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं.

तिथे बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी दीप्तीला बाजूला घेऊन सांगितलं की शस्त्रक्रियेआधी वडिलांच्या आवाजात रोजची वाक्यं भरून ठेव. पुढे संगणकावर बोट दाबलं की ती वाक्यं ऐकू येतील. आवाज घोगरा असला तरी त्यांचाच असेल.

दीप्तीने ते मनावर घेतलं. घरी परतल्यावर पंखा बंद करून, दार लोटून तिने श्रीपतरावांना माझ्यासमोर बसवलं. मैदानावरचा माइक त्यांच्या हातात होता, पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांना अवघड वाटला असावा. ते एकेक वाक्य म्हणू लागले. पाणी दे गं. मान दुखतेय. उशी जरा वर कर. जयभीम, या, बसा. दीप्ती, पोचलीस की फोन कर. एका वाक्यात शेजारच्या कुकरची शिटी शिरली. दीप्ती म्हणाली, राहू दे, शिटीसकट राहू दे.

जानकीबाई तेवढा वेळ बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत यायला त्या तयार नव्हत्या. बोलतायत ना अजून, मग भरून कशाला ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. ते शिरलं नाही कुणाच्या डोक्यात, पण त्यांना कुणी ओढूनही आणलं नाही. ठरलेली वाक्यं संपली. श्रीपतराव थोडा वेळ दाराकडे बघत राहिले आणि मग माइकमध्ये म्हणाले, "जानकी, आत येऊन बस ना गं." दीप्तीला कळेना की हे भरायचं वाक्य आहे की खरंच हाक आहे. तिने ते ठेवून दिलं. मग त्यांनी हसत आणखी एक सांगितलं. नवरा-बायकोची रोजची भांडणं ज्या वाक्यावर संपायची तेच ते. "बरं बाई, तुझंच खरं." हेही मी जपून ठेवलं.

शस्त्रक्रिया झाली. श्रीपतराव घरी आले ते गळ्यावर श्वासासाठी भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन. दीप्तीने पडद्यावर चित्रं लावून ठेवली होती. पेल्याचं चित्र दाबलं की पाणी, दाराचं दाबलं की जयभीम. सुरुवातीला ते मला दिवसभर बोलायला लावत. जानकीबाई आधी चिडायच्या. हा आवाज पेटीतून येतो आणि माणूस गप्प बसलेला दिसतो, हे त्यांना सोसायचं नाही. पण मग भांडण झालं, श्रीपतरावांनी बोट दाबलं, आणि 'बरं बाई, तुझंच खरं' ऐकू आलं, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसापासून त्या संध्याकाळी चहा घेऊन आत येऊन बसू लागल्या. बोलवल्याशिवाय नाही. श्रीपतरावांनी बोट दाबायचं, हाक ऐकू यायची, मग त्या यायच्या.

मित्रांनो, तुम्ही मला विचाराल तर माझ्या आयुष्यातले भरदार दिवस ते होते. पण मी तेव्हाच थकत चालले होते.

आमच्या जातीचं म्हातारपण कुणाला दिसत नाही. केस पिकत नाहीत, पाठ वाकत नाही. फक्त एकेक गोष्ट शोधायला वेळ लागतो. सुई एका जागी जाते, तिथे काही वाचता येत नाही, पुन्हा जाते, पुन्हा जाते. श्रीपतरावांनी बोट दाबलं की पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहायचं. पाहुणे दारातून जयभीम म्हणत आत यायचे, बसायचे, पाणी प्यायचे, निम्मं बोलून व्हायचं, आणि मग पेटीतून आवाज यायचा, जयभीम, या, बसा. पाहुणे चमकून एकमेकांकडे बघायचे. कुणी हसलं नाही, पण श्रीपतराव खाली मान घालायचे. पाणी मागितलं की पाणी पिऊन झाल्यावर मागणं ऐकू यायचं. भांडणातही तसंच. जानकीबाई रुसून निघून जायच्या आणि मागून खोलीत माझा आवाज निघायचा.

हळूहळू त्यांनी बोट दाबायचं सोडलं. एक पाटी आणि खडू आणला. जानकीबाईंना वाचायला वेळ लागायचा, चष्मा शोधावा लागायचा, म्हणून ते तिच्यावरही फार लिहीत नसत. खुणा करत. नाहीतर बसून राहत. दीप्ती म्हणायची, रविवारी सगळी वाक्यं फोनवर घेते. पण ती खालापूरहून बसने यायची ती दमून यायची, आणि रविवारी घरातली कामं निघायची. ते राहून गेलं. माझ्यावर साडीचं फडकं पडलं, फडक्यावर दळणाची पिशवी आली. दोन पावसाळे मी ओल खात तशीच होते. घरात बोलणं कमी झालं होतं आणि त्याची सगळ्यांना सवय झाली होती. मलाही.

यंदा होळीच्या सुमारास खालापूरच्या एका मंडळाचे येसाजी घरी आले. वयस्कर माणूस, भात पिकवणारा, तरुणपणी स्वतः कबड्डी खेळलेला. त्यांचं मंडळ सामने भरवत होतं आणि पहिल्या दिवशी श्रीपतरावांचा सत्कार करायचं ठरलं होतं. येसाजींची एक विनंती होती. सत्कार हारतुऱ्यांचा नको, श्रीपतभाऊंचा एखादा जुना सामना लाउडस्पीकरवर लावू. नव्या पोरांनी ऐकू दे. श्रीपतरावांचे डोळे मी कित्येक दिवसांनी असे चमकलेले पाहिले. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'आहे. शोधतो.'

संध्याकाळी दीप्तीने पिशवी उचलली, फडकं काढलं आणि कळ दाबली. मी उठायचा प्रयत्न केला. चकत्या फिरल्या, पण सुई जागेवर जाईना. टक्‌ टक्‌ टक्‌ असा आवाज तेवढा येत राहिला. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना आली की संगणक सुरू करायला काही सापडत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम माझ्याच अंगावर होती, आणि तिला उचलण्याचं बळ आता माझ्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दीप्ती पेटी घेऊन पदूदादाकडे गेली. त्याने पेटीला कान लावला आणि लगेच वीज बंद केली. तो म्हणाला, "ताई, ही दमली. अजून थोडी चालंल, पण किती ते मी नाय सांगू शकत. उगाच चालू-बंद करू नका." मग त्याने काय करायचं ते समजावलं. पेटीत नवी डिस्क बसवायची आणि ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यावर नव्याने चढवायची. त्या वेळी जुनीला पेटीतून काढून बाजूला ठेवायचं, म्हणजे चुकून तिच्यावरचं पुसलं जाणार नाही. नवी व्यवस्थित चालू झाली की जुनीला नुसती तार जोडायची आणि त्यातून हवं ते उतरवून घ्यायचं. सगळ्यांत मोलाचं असेल ते आधी, कारण नंतरचं मिळेल याची खात्री नाही. तो स्वतःही करून द्यायला तयार होता. पण बाबांचा आवाज दुकानात ठेवून घरी जायला दीप्तीचं मन होईना. तिने नवी डिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम भरलेला पेनड्राइव्ह घेतला आणि ती परत आली.

सुटीच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर दीप्तीने काम काढलं. तिने मला पेटीतून काढून घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवलं. तिथूनच मी माझ्या जागी येणारीला पाहिलं. बिस्किटासारखी चपटी, हलकी. तिच्यात चकती नाही, सुई नाही, फिरणारं असं काहीच नाही. मला तिचा राग आला नाही. थोडा हेवा वाटला. न फिरता काम करायचं म्हणजे किती बरं.

दीप्तीने पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला. पडद्याने आधी भाषा विचारली, मग कळफलक विचारला, मग कुठे उतरू म्हणून विचारलं. तिथे एकच नाव दिसत होतं, नवीचं, आणि तिच्यापुढे सगळी जागा रिकामी. दीप्तीने ती दाखवली. आकडे सरकू लागले. श्रीपतराव खुर्चीत बसून एकटक पडद्याकडे बघत होते. आकडे निम्म्यावर आले आणि लाईट गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. दीप्तीने डोक्याला हात लावला. आता पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार होतं.

लाईट यायची वाट बघत तिघं तशीच बसली, आणि त्या वेळात तो प्रश्न निघाला. आधी काय उतरवायचं?

श्रीपतरावांचं ठरलेलं होतं. त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सामना.' दीप्तीने वाक्यांचं काय म्हणून विचारलं. त्यांनी पुसून लिहिलं, 'आजारी आवाज. कोणाला पाहिजे?' मग पुन्हा पुसून, 'माझा आवाज मैदानातला.' आवाज त्यांचा, निवड त्यांची, असं दीप्तीला वाटलं असणार. आणि येसाजींना शब्द दिलेला होता. सामने लांबलचक होते, उतरवायला वेळ घेणार होते. तेवढ्यात माझा जीव गेला असता तर वाक्यं गेलीच असती, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं.

जानकीबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी पाटी मागून घेतली, चष्मा लावला आणि अक्षर अक्षर जुळवत ती वाचली. मग पाटी मांडीवर उलटी ठेवली.

"मैदानातला आवाज सगळ्यांनी ऐकलाय," त्या म्हणाल्या. "गावंच्या गावं ऐकत व्हती. घरातला माझ्या एकटीचा हाय. घोगरा तर घोगरा. दीप्ती, तो आदी घे."

श्रीपतरावांनी हात हलवून काहीतरी सांगायला सुरुवात केली. त्या थांबल्या नाहीत.

"मला नाय सवय झाली. तुमाला वाटतं, हिला सवय झाली. संध्याकाळी चा घेऊन येते नि दारात उभी ऱ्हाते. कोन बोलवतं मला?"

श्रीपतरावांचा गळ्याजवळचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग त्यांनी उठून जानकीबाईंच्या मांडीवरची पाटी घेतली, तळव्याने पुसली आणि कोरीच दीप्तीच्या हातात दिली.

लाईट आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दीप्तीने पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी आकडे शेवटपर्यंत गेले. संगणक आपोआप बंद होऊन चालू झाला आणि पुन्हा भाषा विचारू लागला. दीप्ती घाबरली. पदूदादाला फोन केला तर तो म्हणाला, पेनड्राइव्ह काढलाच नसंल, तो उपटा. तो काढल्यावर नवीने स्वतःच्या बळावर डोळे उघडले. मला जे करायला चहा होईपर्यंत वेळ लागायचा, ते तिने दीप्ती खुर्चीत नीट बसेस्तोवर केलं.

आता माझी पाळी होती. दीप्तीने मला तार जोडली, टेबलावरचा छोटा पंखा माझ्यावर सोडला आणि वाक्यांचा कप्पा शोधला. मित्रांनो, त्या वेळचं काय सांगू. माझ्या अंगात कणभर बळ नव्हतं. सुई एकेका वाक्यापाशी जाई, चुके, परत येई. पाणी दे गं गेलं. मान दुखतेय गेलं. उशी जरा वर कर हे मात्र कितीदा प्रयत्न करूनही उचलेना, तिथली चकती खरवडली गेली होती. ते राहिलं. जयभीम गेलं. शिटीसकटचं वाक्य शिटीसकट गेलं. उरलेली सगळी एकामागून एक गेली आणि मी तापायला लागले.

दीप्तीने एक वाक्य लावून पाहिलं. आवाजच येईना. जानकीबाईंचा चेहरा उतरला. दीप्तीने पेटीच्या मागे हात घातला तर स्पीकरची वायर भलत्याच भोकात घातलेली. ती हिरव्या भोकात घालताच खोलीत आवाज आला, घोगरा, पण स्पष्ट, आणि बोट दाबल्याबरोबर. "जानकी, आत येऊन बस ना गं."

जानकीबाई उंबऱ्यावरून उठल्या आणि आत येऊन श्रीपतरावांशेजारी बसल्या. दीप्ती पडद्याकडे बघत सामने उतरवायच्या मागे लागली, पण तिला अक्षरं नीट दिसत नसावीत, कारण तिने दोनदा चुकीची कळ दाबली.

सामन्यांपैकी एकच हाती लागला, तोही अर्धा. दहिवलीचा संघ, शेवटचा डाव, लडकू नावाचा खेळाडू चढाईला निघालेला. श्रीपतरावांचा आवाज खाली उतरलेला. लडकू आत गेलाय, डावा कोपरा सरकलाय, घाई नको लडकू, घाई नको. तिथे माझी सुई चकतीवर टेकली. एक खरखर झाली आणि मी थांबले.

सत्काराच्या दिवशी मैदानावर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. जानकीबाईंनी दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं तेवढंच मला ठाऊक. अर्धा तर अर्धा, येसाजींनी तो लावला. एवढं मोठं मैदान कान देऊन ऐकत होतं आणि आवाज मधेच तुटला. पोरांना कळेना की लडकू सुटला की सापडला. सगळे व्यासपीठाकडे बघायला लागले. श्रीपतराव उठले, पंच दाखवतो तसा हात दहिवलीच्या बाजूला लांब केला आणि दोन बोटं उभी केली. दोन गडी बाद. गर्दीत मागे बसलेला लडकू, आता पोट सुटलेला, केस पिकलेला, उभा राहून हसत होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जानकीबाई म्हणाल्या, टाळ्या खूप वेळ चालल्या, पण ह्यांचं लक्ष घरी जाण्याकडे होतं.

पदूदादा नंतर एकदा येऊन गेला. मुंबईत अशा जागा आहेत, तो म्हणाला, जिथे डिस्क उघडून आतलं काही सापडतं का बघतात. पाठवायची का? दीप्ती वडिलांकडे वळली. श्रीपतरावांनी मला टॉवेलवरून उचललं, थोडा वेळ तळहातावर धरलं. मग गळ्यावरचं फडकं सारखं केलं आणि पाटीवर लिहिलं, 'नको. उघडणं पुरे.' पदूदादाने ते वाचलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आता मी कपाटात, दिव्याच्या वाती आणि सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी असते. वाक्यं नव्या डिस्कवर आहेत, दीप्तीच्या फोनवर आहेत, आणि एका पेनड्राइव्हवर पदूदादाच्या दुकानातही आहेत. मागच्या रविवारी जानकीबाई स्वतःहून माइकसमोर बसल्या. त्यांना काही झालेलं नाही, गळा खणखणीत आहे. माझापण ठेव भरून, एवढंच त्या म्हणाल्या. पण माइक तोंडासमोर आल्यावर त्यांना काही सुचेना. श्रीपतरावांनी तो थोडा मागे ओढला, सरळ बस अशी खूण केली, आणि बोल म्हणून मान हलवली. जानकीबाई लाजल्या, पदर सावरला, आणि म्हणाल्या, "भाजी जरा तिखट झालीय. सावकाश जेवा."

मित्रांनो, माझ्यासारख्या थकलेल्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका. आम्ही न सांगता थांबतो. जे मोलाचं आहे ते फक्त आमच्या भरवशावर सोडू नका, दुसरीकडेही ठेवा, आणि रविवारी करू म्हणून ठेवू नका. आम्ही थांबल्यावर आम्हाला उल्हास नदीच्या काठी फेकू नका. जिथे जुनी यंत्रं गोळा करतात तिथे नेऊन द्या, किंवा कपाटात पडू द्या. एवढं आमच्यासाठी केलंत तरी चालेल. पण ज्याचा आवाज कानावर पडला नाही तर तुम्हाला करमत नाही, त्याला आजच, तो धडधाकट असताना, समोर बसवा आणि सांगा, काहीतरी बोल. काहीही चालेल.